डोकी मोजायला नाव कशाला लागतंय?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलेलं, की हल्ली आपण मॅच जेवढी बघत नाही तेवढं स्टेडियम आपल्याला बघतंय. झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न, मेलवर प्रश्न, आणि एका काकांनी तर पार्क चौकात चहाच्या टपरीवरच गाठलं. सगळे काही घेता येत नाहीत, जे परत परत आले तेवढे घेतलेत. माझं पोट कॅमेरे आणि वायफाय बसवण्यावर चालतं, त्यामुळं यातली थोडी आतली बाजू माहितीय, आणि क्रिकेटचं वेड घरातनंच आलंय, त्यामुळं उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

लेकाला घेऊन बाहेरगावी मॅचला गेलो. तिकीट अ‍ॅपवरच. आधी मोबाईल नंबर, मग जन्मतारीख, मग लोकेशन, मग कॉन्टॅक्ट. वैतागून सगळ्याला ओके ओके दाबत गेलो. मिसेसला तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला, तो गेटवर चालला नाही, मी गाडी लावून येईपर्यंत मायलेक उन्हात. आता महिना झाला जर्सीच्या जाहिराती थांबायला तयार नाहीत. कागदाचं तिकीट काय वाईट होतं ओ?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

आधी स्क्रीनशॉटचं सांगतो. अशा तिकिटातला कोड एका जागी थांबतच नाही. अमेरिकेत तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीनं २०१९ मध्ये हे चालू केलं, तिथं दर १५ सेकंदांनी बारकोड बदलतो, म्हणजे स्क्रीनशॉट काढला की तो शिळा झाला. ब्लॅकवाल्यांना आणि एकच तिकीट चौघांना विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे केलंय असं सांगतात, आणि ते खोटं नाही. पण दुसरा फायदा कुणी बोलून दाखवत नाही. पूर्वी तुम्ही खिडकीवर चार कागदी तिकिटं काढली तर बाकीचे तिघं कोण, मेव्हणा का शेजारी, विकणाऱ्याला पत्ता नसायचा. तुमचंच नाव त्याला माहीत नसायचं म्हणा. आता वहिनींना तिकीट पाठवायचं तर वहिनींनीपण अ‍ॅप घ्यायचं, नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा. चार खुर्च्या तर चार नावं, चार नंबर. जर्सीवाल्या जाहिरातींचा रस्ता तिथनंच सुरू होतो.

आता ते ओके ओके. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि बहुतेक गोष्टी अमलात आणायला कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळालीय. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. कायद्यातच उदाहरण दिलंय की डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या एका अ‍ॅपनं तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली, तुम्ही भाबडेपणानं हो म्हणालात, तरी ती संमती कॉन्टॅक्टपुरती धरायचीच नाही, कारण डॉक्टरच्या सल्ल्याला तुमच्या मामाचा नंबर लागत नाही. तिकिटाला तरी कुठं लागतोय? दिलेली संमती परत घ्यायची सोय, देण्याइतकीच सोपी पाहिजे, हेपण त्यात आहे. आणि संमतीचा मजकूर मराठीत बघायचा पर्याय द्यावा लागणार. मराठीत नीट वाचलं तर निम्मी माणसं ओके दाबणारच नाहीत असा माझा अंदाज.

तोपर्यंत एवढं करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं लोकेशन आणि कॉन्टॅक्ट बंद करा, काढलेलं तिकीट कुठं पळून जात नाही. पुढच्या वेळी वहिनींचं तिकीट आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर त्यांच्या फोनमध्ये ट्रान्सफर करून ठेवा, गेटवर रेंजच्या नावानं बोंब असते. आणि तिकिटासाठी एक वेगळा ईमेल ठेवा. २०२४ च्या मे महिन्यात टिकेटमास्टरचाच डेटा फुटला, चोरणाऱ्यांचा दावा ५६ कोटी लोकांच्या माहितीचा होता. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

एकाच स्टँडचं तिकीट सकाळी एक भाव, रात्री दुसरा. हे कसं काय?
(भवानी पेठ)

लक्ष्मी मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी उतरते ना, त्याच्या उलटं. मागणी बघून कॉम्प्युटर भाव हलवतो. बेसबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं २००९ मध्ये थोड्या खुर्च्यांवर हे करून बघितलं, चाललं, मग सगळीकडं पसरलं, २०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या तिकिटांनापण फिफानं हेच लावलं. मंडईत निदान भाजीवाल्या मावशींशी भांडता तरी येतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरतंय की आता चेहरा हेच तिकीट. खरंय का? आणि मला ते नको असेल तर?
(एक विद्यार्थिनी, अशोक चौक)

खरंय, पण सगळीकडं नाही. लॉस एंजेलिसजवळ इंग्लवूडला इंट्यूट डोम म्हणून बास्केटबॉलचं स्टेडियम २०२४ च्या ऑगस्टमध्ये उघडलं, १८ हजार खुर्च्यांचं. तिथं अ‍ॅपमध्ये सेल्फी देऊन ठेवली की गेटवर थांबायचं नाही, कॅमेरा बघतो, तुम्ही आत. आतल्या दुकानातनं पाण्याची बाटली उचलायची आणि चालायला लागायचं, पैसे आपोआप कटतात. कुठल्या खुर्चीवरनं किती आवाज येतोय हेसुद्धा तिथं मोजतात, जास्त ओरडणाऱ्याला बक्षीस. (हे आपल्याकडं बसवलं तर हलगीवाल्या पोरांच्या शेजारचं मशीन पहिल्या ओव्हरलाच जळेल.) चेहरा देणं तिथं ऐच्छिक आहे.

पण चेहऱ्याचे दोन प्रकार नीट ओळखून ठेव, ग्रुपवर हे कुणी सांगत नाही. फोन उघडताना तो फक्त एवढंच विचारतो की ही तीच का. एकाशी एक. विमानतळावरचं डिजियात्रापण साधारण असंच, आपण आपलं नाव सांगून उभं राहायचं. दुसरा प्रकार म्हणजे गर्दीतला प्रत्येक चेहरा उचलायचा आणि कुठल्यातरी यादीशी लावून बघायचा. तुला कुणी विचारलेलं नाही, तू काही दिलेलं नाही, नुसती चालत गेलीस. यात चुका लई होतात. २०१७ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये कार्डिफला फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची फायनल होती, साउथ वेल्स पोलिसांनी कॅमेरे लावले. सिस्टिमनं २,४७० वेळा हा माणूस यादीतला दिसतोय म्हणून घंटा वाजवली. त्यातल्या २,२९७ वेळा माणूस भलताच. यादीतले फोटोच धड नव्हते असं पोलिसांचं म्हणणं. असेल, पण धड नसलेल्या फोटोंवर घंटा लावली कुणी?

बरं, मशीन एकदम अचूक झालं तर प्रश्न मिटतो का, तर तसंही नाही. २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्कला एक बाई मुलीच्या गर्ल स्काउट ग्रुपबरोबर नाताळचा कार्यक्रम बघायला रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गेली, कॅमेऱ्यानं तिला बरोब्बर ओळखलं आणि गार्डनी बाहेर काढलं. गुन्हा काय? ती वकील, आणि तिची फर्म हॉल चालवणाऱ्या कंपनीच्या एका रेस्टॉरंटविरुद्ध केस लढत होती. ती केस या बाईकडं नव्हतीच. त्याच कंपनीचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियम, तिथंपण हीच पद्धत. म्हणजे यादी दंगा करणाऱ्यांची म्हणून सुरू होते आणि मालकाला न आवडणाऱ्यांची होऊन बसते. डेन्मार्कच्या ब्रॉन्डबी फुटबॉल क्लबनं २०१९ मध्ये असेच कॅमेरे लावले, पण आधी तिथल्या डेटा संरक्षण खात्याची परवानगी काढली, आणि ते फक्त मॅचला बंदी घातलेल्या लोकांसाठी. यादी कुणाची, त्यात नाव कोण घालतो, काढतो कोण, हे विचारायची जागा तरी तिथं आहे.

तुला नको असेल तर खाजगी अ‍ॅपला सेल्फी देऊ नकोस, क्यूआरची रांग असतेच, दहा मिनिटं जास्त लागतील. पोलिसांच्या कॅमेऱ्याला मात्र नको म्हणायची सोय नाही, आणि आपल्या नव्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची तरतूद आहे, तेवढं ध्यानात असू दे.

स्टेडियमचं फुकट वायफाय वापरावं का?
(मजरेवाडी)

मॅच बघायला गेलायस ना, मग बघ की मॅच.

गंमत केली. हे बघा, स्टेडियममध्ये रेंज मरते कारण हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ टाकायला बघतात, आणि माणसाच्या अंगात पाणी असतं, ते वायफायचे सिग्नल पिऊन टाकतं, म्हणून नुसते वर छताला वायफायचे डबे टांगून भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या लीव्हाईज स्टेडियमनं २०१४ मध्ये १,२०० च्या आसपास डबे बसवले, त्यातले कितीतरी खुर्च्यांखाली. एवढा खर्च तुमच्या रील्ससाठी नसतो ओ. कुठला फोन कुठल्या गेटनं आला, किती वेळ कुठल्या स्टॉलपाशी उभा राहिला हे त्यातनं कळू शकतं. पूर्वी फोन वायफाय शोधताना आपला एक कायमचा नंबर (मोबाईल नंबर नव्हे, मशीनचा) ओरडत फिरायचा, आता नवीन फोन तो नंबर बदलत राहतात. पण फुकट वायफायसाठी तुम्ही मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिलात की फोननं केलेली लपवाछपवी पाण्यात.

आणि टीमच्या अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी कधीच देऊ नका. स्पेनच्या फुटबॉल लीगचं अ‍ॅप लोकांच्या फोनच्या माइकवरनं ऐकायचं की आसपासच्या बारमध्ये चोरून मॅच दाखवतायत का. गिऱ्हाईक बसलाय निवांत आणि खिशातला फोन हेरगिरी करतोय! २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं लीगला अडीच लाख युरोचा दंड ठोकला होता.

माझा मुलगा १३ वर्षांचा, फास्ट बॉलर. आमच्या गल्लीत प्रत्येक पोराला आपल्या सोलापूरचा क्रिकेटर अर्शिन कुलकर्णी व्हायचंय, त्यातलाच एक. अ‍ॅकॅडमीत आता सांगितलंय की सेन्सरचं बनियन घ्या, अ‍ॅप टाका, झोप आणि हार्टबीटपण त्यात जाणार. पैशाचं बघून घेऊ, पण हे लागतं का?
(एक आई, शेळगी)

ताई, मोठ्या टीमचे खेळाडू जर्सीखाली ते काळं बनियन घालतात, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे जीपीएसचं छोटं यंत्र असतं, कोण किती पळाला, किती वेळा जोर लावला हे त्यातनं कळतं. ते वाचायला त्यांच्याकडं ट्रेनर आणि फिजिओ बसलेले असतात. अ‍ॅकॅडमीत ते आकडे वाचणारं कोण आहे, हे पहिलं विचारा. कुणीच नसेल तर ते बनियन नुसतं बनियनच आहे, जरा महागाचं.

तेरा वर्षांच्या फास्ट बॉलरला खरा धोका कंबरेचा. वाढत्या वयात फार बॉलिंग झाली की पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होतात, म्हणून इंग्लंडच्या बोर्डानं वयानुसार किती ओव्हर टाकायच्या याची मर्यादाच घालून दिलीय. मला विचाराल तर तुमच्या पोराचा सगळ्यात कामाचा डेटा म्हणजे आठवड्यात किती बॉल टाकले, नेटमधले, गल्लीतले आणि मॅचमधले सगळे धरून, कारण अ‍ॅकॅडमीचं अ‍ॅप गल्लीतले बॉल मोजत नाही, तुम्हीच मोजू शकता. वही घ्या, रेघोट्या ओढा. आपल्याच सोलापुरात १९२६ साली जन्मलेल्या पॉली उम्रीगरांचे ५९ टेस्टमधले ३,६३१ रन आणि १२ शतकं आज आपल्याला ठाऊक आहेत ती कुणीतरी पेन्सिलीनं स्कोअरबुक भरलं म्हणून.

रन आणि विकेट ही मैदानावरची गोष्ट, ती सगळ्यांनी बघावी. झोप आणि हार्टबीट ही पोराच्या अंगातली गोष्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायचा तर आईबापांची पडताळता येईल अशी संमती लागणार, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला सर्वसाधारणपणे बंदी, असं नव्या कायद्यात आहे. सर काय म्हणतील याचा संकोच करू नका. हे कुठं साठतं, कोण बघतं, पोरगं अ‍ॅकॅडमी सोडून गेलं की पुसता का, आणि निवड समितीतल्या कुणाला दाखवता का, हे कागदावर लिहून मागा. सोळाव्या वर्षी निवडीला उभा राहिला आणि कुणी तेराव्या वर्षीचा दुखापतीचा रेकॉर्ड पुढं केला, असं होऊ नये.

वय ७१. पार्क स्टेडियमच्या भिंतीवर बसून मॅच बघितलेला माणूस आहे मी. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला स्वयंसेवक म्हणून हाताला हात धरून गर्दी आवरलीय. आता म्हणे एआयचे कॅमेरे गर्दी मोजणार. हे खरंच लागतं का नुसती बिलं काढायची कामं?
(निवृत्त शिक्षक, सम्राट चौक)

सर, बिलांबद्दल मी काही बोलत नाही, माझंपण पोट त्याच्यावर आहे. पण एवढ्या एका गोष्टीत मी पूर्ण मशीनच्या बाजूनं.

१९८९ चा १५ एप्रिल, इंग्लंडात शेफील्डला हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैव बघा, की त्या स्टेडियममध्ये त्या काळातसुद्धा माणसं मोजायचं कॉम्प्युटरचं मशीन होतं. एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या गेटांवरनं आकडा यायचा. पण तो आकडा अख्ख्या स्टँडचा यायचा. स्टँडमध्ये जाळ्या लावून कप्पे केलेले, कुठल्या कप्प्यात किती हे त्याला कळत नव्हतं. मधले कप्पे खचाखच आणि कडेच्या कप्प्यांत जागा शिल्लक. त्यात बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, तिथनं गेलेली माणसं तर मोजलीच गेली नाहीत.

एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे सतरंजीच्या एका तुकड्यावर, चार माणसं असली तर तुम्ही वळू शकता. सहा-सातच्या वर गेली की माणूस आपल्या पायानं चालत नाही, गर्दी नेईल तिकडं जातो, पाण्यातल्या ओंडक्यासारखा. मोठा एकूण आकडा बघून हे कळत नाही, कुठल्या कोपऱ्यात दाटी होतेय हे कळावं लागतं. वरनं बघणारा कॅमेरा चित्राचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनात डोकी मोजतो आणि एखादा चौकोन भरत चालला की लाल दाखवतो. तुम्ही मिरवणुकीत हाताच्या पकडीवर जो दाब ओळखत होता ना, तोच, फक्त जरा आधी.

आणि कॅमेरे आतच लावून उपयोग नाही. २०२५ च्या ४ जूनला बंगळुरूला आरसीबीच्या आयपीएल विजयाच्या जल्लोषात ११ जण गेले ते चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांपाशी. तिकीट स्कॅन करणारं मशीन फक्त आत आलेला माणूस मोजतं, बाहेर रस्त्यावर किती उभे आहेत हे त्याच्या हिशोबातच नसतं.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. या सगळ्या मोजणीत कुणाचं नाव लागलं नाही, नंबर नाही, जन्मतारीख नाही. डोकं दिसलं की झालं. म्हणून सुरक्षेच्या नावाखाली कुणी चेहरा आणि मोबाईल नंबर मागायला लागला की मी विचारतो, दाटी कळायला नाव कशाला पाहिजे बाबा? याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, आणि मी कामानिमित्त बऱ्याच जणांना विचारलंय. आपल्या पार्कवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच झाली तेव्हा मी दोन दिवस जाऊन बसलो होतो, माझं नाव कुणी विचारलं नाही आणि मॅच उत्तम दिसली. पुढं कधी तिथं मोठी मॅच आली तर मोजणीचे कॅमेरे जरूर लावावेत, आधी गेटांच्या बाहेर, चौकाच्या बाजूला.

मी पार्कच्या बाहेर गाडीवर खारे शेंगदाणे चुरमुरे विकतो, वडिलांपासनं. पोरगा म्हणतो स्टेडियम स्मार्ट झालं की कॅश बंद, बाहेरचं खाणं बंद, तुमचा धंदा संपला. खरं का?
(व्हॉइस मेसेजवरनं)

दादा, तुम्ही मला ओळखता, मी आवाजावरनं तुम्हाला ओळखलं.

कॅश बंदचं खरंय. लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं तेच बिनरोकडीचं. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमनंपण त्याच साली रोकड बंद केली आणि तिथं उलटं एटीएम ठेवलं, नोटा आत घाला, कार्ड बाहेर घ्या. रांग भराभर सरकते हे खरं, पण रोख पैसे देणारा माणूस त्यांना दिसत नाही, कार्डवाला दिसतो, म्हणजे कुठल्या खुर्चीवरच्यानं कितव्या मिनिटाला काय खाल्लं हे लिहून राहतं. त्याच अटलांटात एक चांगली गोष्टपण झाली, २०१७ मध्ये त्यांनी खाण्याचे भाव जवळपास निम्मे केले, आणि माणशी खर्च कमी व्हायच्याऐवजी १६ टक्क्यांनी वाढला. लोक पोटभर खाल्ले, भाव बघून हात आखडला नाही. स्टॉलचे ठेके देणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगा.

तुमच्या गाडीवर क्यूआर आहेच, त्यामुळं कॅशचं टेन्शन तुम्हाला नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं का नाही हे मोठ्या मॅचला ठरतं, आणि मोठी मॅच आपल्याकडं वर्षातनं कितीदा येते? रणजीला लंच ४० मिनिटांचा असतो, पब्लिक पाय मोकळे करायला बाहेर येतंच, गाडी गेटाच्या सावलीच्या बाजूला लावा. आणि माझ्या पुडीत मीठ जरा कमी, डॉक्टरनं सांगितलंय.